माणूस उतरला, आता जेवणार कुठं?

दिल्लीत समुद्र नाही. आसपासही नाही. आणि यमुनेला समुद्र म्हणायची हिंमत भर पावसाळ्यातसुद्धा कोणी करणार नाही. तरीही देशाच्या कुठल्या किनाऱ्यावर सरकारी पैशाने धक्का बांधायचा आणि कुठे नाही, हे कागदावर तपासणारी माणसं बसतात ती दिल्लीतच. तसल्याच एका खोलीत मी नोकरीला लागले, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलामागे वासनिक सर बसलेले होते. समोर उघडा डबा, हातात भाकरीचा तुकडा, आणि चेहऱ्यावर अशी काळजी की वाटावं, देशाची तिजोरी यांच्याच घरात ठेवलीय.

"जेवल्या का?" हा त्यांचा मला पहिला प्रश्न.

मी म्हटलं, "सर, मी जॉइनिंग द्यायला आलेय."

"ते होऊन जाईल ना वो. जेवल्या का?"

नव्हते जेवले. बसले. पाटोडीचा रस्सा होता, तिखटजाळ. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी भावी साहेबांसमोर नाक पुसतेय, असा माझा सरकारी नोकरीचा शुभारंभ.

गेल्या थंडीत सर गेले. झोपेतच. तेव्हापासून कोणी ना कोणी मला सांगतं की त्यांच्यावर काहीतरी लिही, तुझं मराठी चांगलं आहे. माझं मराठी म्हणजे पहाडगंजच्या मराठी शाळेचं मराठी. घरात वडिलांचं पुण्याचं बोलणं, गल्लीत 'अरे यार, चलो', आणि मधल्यामध्ये मी. सर हसायचे माझ्यावर. एकदा त्यांनी सहज विचारलं, ओहोटीला तिथं पाणी किती राहतं बघितलं का, तर मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी ज्वार-भाटा म्हटल्यावर दिवा लागला. "बाप्पा! बंदरं तपासून राहिल्या तुम्ही, आणि ओहोटी माहीत नाही?" असं ते पुढे दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होते.

आता आमचं काम काय ते सांगते, म्हणजे घोटाळा नको. एखाद्या राज्याने म्हणायचं, आम्हाला इथे टर्मिनल बांधायचंय. त्यांनी नेमलेली सल्लागार कंपनी एक जाडजूड अहवाल करून देणार, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर हसरं कुटुंब. आणि तो पैसा लोकांना परत कोणत्या रूपाने मिळेल, मिळेल की नाही, हे आम्ही बघायचं. बाकीचे लोक अहवाल शेवटून वाचायचे, कारण शेवटी आकडा असतो. सर तो बंद करून बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, "बरं. माणूस उतरला. आता जेवणार कुठं?"

विमानतळ असो, बसस्टँड असो, काहीही असो. प्रश्न हाच. आम्ही त्यांच्या पाठीमागे नक्कल करायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि आमची नक्कल कच्ची आहे अशी त्यांची तक्रार होती.

त्यांची दुसरी सवय म्हणजे त्या उतरणाऱ्या माणसाचा सबंध दिवस ते आमच्याकडून वठवून घ्यायचे. खरोखर. कॉन्फरन्सची खोली म्हणजे स्टेशन, व्हरांडा म्हणजे रस्ता, लिफ्ट म्हणजे बस. एकाने प्रवासी व्हायचं, एकाने रिक्षावाला, एकाने हमाल. शिपायापासून डायरेक्टरपर्यंत कोणालाही पकडायचे. ऑफिसात या प्रकाराला 'मॅडमुन्नीची भातुकली' म्हणत. मॅडमुन्नी कोण होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण नाव पक्कं होतं.

भातुकलीने भागलं नाही तर स्वतः जायचे. मानेसरच्या बस टर्मिनलचं काम आलं, तेव्हा सर टेबलाखालचे कॅनव्हासचे बूट चढवून पहाटेच निघाले आणि कारखान्याच्या बसमधून, मग शेअर ऑटोमधून, कामगारांच्या मांडीला मांडी लावून फिरले. परत आले ते धुळीने पांढरे होऊन. म्हणाले, "सगळे चौकातच उतरून राहिले ना. चहाची टपरी चौकात, पराठा चौकात. तुमच्या टर्मिनलपर्यंत उलटं चालत कोण येणार?" टर्मिनल चौकाकडे सरकलं. कोणाच्या तरी कॉलेजातल्या पुतण्याने काढलेला सुंदर नकाशा बाद झाला, म्हणून वरचे साहेब महिनाभर सरांशी बोलले नाहीत. सरांना ते बहुतेक कळलंही नाही.

आणि एक. 'बघतो' हा शब्द ते कधीच वापरत नसत. दिल्लीत सरकारी माणूस 'देखेंगे' न म्हणता जगतो, हे मी फक्त एकदाच पाहिलंय. जमत असेल तर हो, नसेल तर नाही. "बघतो म्हटलं की समोरचा वाट बघत बसते ना बिचारा," म्हणायचे.

बोटीचं वेड मात्र त्यांना जबर होतं. भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. शाळा नदीपलीकडे, जायचं डोंग्यातून. मोठी बोट त्यांनी आयुष्यात पाहिली ती फोटोत. टेबलाच्या काचेखाली कुठल्याशा कॅलेंडरचं कापलेलं चित्र होतं, पांढरीशुभ्र, मजल्यांवर मजले असलेली बोट. सुशीलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी लग्नातच सांगितलं होतं म्हणे, रिटायर झालो की तुला बोटीत नेईन. काकूंनी त्या भरवशावर करोल बागेतून एक लाल ट्रॉली-बॅग आणून ठेवली होती. दुकानदाराशी घासाघीस करायला मला घेऊन गेल्या होत्या, म्हणून मला ठाऊक. ती बॅग त्यांच्या सरकारी क्वार्टरमधल्या कपाटावर प्लास्टिकात गुंडाळून बसलेली. पाहुणा विचारायचाच, कुठे निघालात? काकू म्हणायच्या, "बोटीत. हे रिटायर झाले की."

आणि रिटायर व्हायला वर्षभर उरलं असताना टेबलावर फाईल आली ती क्रूझ टर्मिनलची.

कोकण किनाऱ्यावरचं एक बंदर. नाव सांगत नाही, लहान गाव आहे, उगाच लाजेल. अहवालात काचेचं टर्मिनल होतं, वातानुकूलित हॉल, सरकते जिने, दुकानांच्या रांगा. खाडीचं तोंड खोदून खोल करायचं, म्हणजे मोठी बोट थेट दाराशी. सर्वांनी मान डोलावली. सर तर हरखले होते. चित्र हातात धरून खिडकीपाशी गेले, उजेडात बघितलं, मग काचेखालच्या चित्राशेजारी ठेवून बघितलं. मी मनात म्हटलं, चला, एकदा तरी म्हातारा जेवणाचा प्रश्न विसरला.

कुठला विसरतोय! दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघं त्या गावी.

टर्मिनलची जागा बघायला गेलो, तर ती जागा रिकामी नव्हती. जुना दगडी धक्का, त्याला लागून वाळूचा पट्टा, आणि त्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. खाली जवळ्याच्या चटया. मासळीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. नाक दाबायची माझी इच्छा झाली, पण सर दीर्घ श्वास घेत होते, म्हणून मीही घेतला. अहवालात या जागेचं वर्णन 'वापरात नसलेली किनारपट्टी' असं होतं.

बायकांत एक होत्या पारूताई. उंच, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की पलीकडच्या होडीतला माणूस वळून बघेल. सरांनी वाकून नमस्कार केला आणि सरळ वाळूतच बसले. कुठले, कोण, काय, सगळं सांगून झालं.

पारूताई म्हणाल्या, "मोठी बोट येनार म्हंतात. येऊ दे की. आमी का नको म्हंतोय? पन मग आमी बसायचं कुठं?"

मी पटकन म्हणाले, "तुमचा नक्की विचार होईल हो." दिल्लीची सवय. सरांनी हाताने मला थांबवलं.

"आज मले सांगता येत नाही, ताई," सर म्हणाले. "खोटं नाही बोलत."

पारूताई हसल्या. "आजवर आलेले समदे 'करू करू' म्हनून गेले. तू पयला बाबा!" आणि आत वळून ओरडल्या, "ए, पावण्यांना भात वाढा गं!"

तिथेच, मांडवाच्या सावलीत, आम्ही जेवलो. भात, बोंबलाचं कालवण, आणि वरून कोकमाचं पाणी. सर तिखट खाणारे, पण त्या कालवणाने त्यांचेही डोळे भरले. दोनदा भात मागून घेतला. त्यांना परत माझा पहिला दिवस आठवला असावा, कारण माझ्या नाकाकडे बघून ते खुदकन हसले.

दिल्लीत परतलो आणि भातुकली मांडली. प्रवासी स्वतः सर. मी टूर गाईड. आमचा शिपाई रामफल बसचा ड्रायव्हर, म्हणजे लिफ्टचा. सल्लागार कंपनीचे दोन तरुण कोट घालून हजर होते, त्यांना वाटलं गंमत आहे.

"सकाळ झाली," सर म्हणाले. "मी बोटीवर नाश्ता केला. पैसे तिकिटातच. उतरलो. आता?"

मी अहवालातलं वाचलं. "आता वातानुकूलित बसने किल्ला, मग देऊळ, मग समुद्रकिनारा."

"चला." रामफलने त्यांना लिफ्टमध्ये घातलं, वर नेलं, खाली आणलं. सर बाहेर आले. "फिरलो. भूक लागली. जेवणार कुठं?"

मी पान उलटलं. "बोटीवर, सर. जेवण तिकिटात आहे. दुपारी सगळ्यांनी परतायचंय."

"आणि रात्री झोपणार?"

"बोटीवरच."

सर व्हरांड्याच्या मधोमध थांबले. मग त्या दोन तरुणांकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "बेटा, मग तुमच्या अहवालात हा माणूस गावात हॉटेलचं भाडं देऊन राहिला, तीन वेळा जेवून राहिला, ते कोणत्या पोटात?"

चूक साधी होती. किनाऱ्यावर मुक्कामाला येणारा पर्यटक दिवसाला जेवढा खर्च करतो, तोच खर्च त्यांनी बोटीच्या प्रवाशाला चिकटवला होता. बोटीवर झोपणारा, बोटीवर जेवणारा माणूस कागदावर गावात झोपत आणि जेवत होता, आणि त्याच्या त्या न खाल्लेल्या जेवणावर काचेचं टर्मिनल उभं होतं. अहवाल आम्ही सगळ्यांनी वाचला होता. कोणाला खटकलं नव्हतं. त्यात खाडी दरवर्षी गाळाने भरणार, दरवर्षी खोदावी लागणार, तो खर्च वेगळाच.

सरांनी खर्चाच्या तक्त्यात 'गावात जेवणारे: कोणी नाही' असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि दुसरा उपाय लिहायला घेतला. मोठी बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहू दे, लोकांना छोट्या होड्यांनी आणा. जुना धक्का दुरुस्त करा, लांब छप्पर घाला, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, बसायला बाकं. बोट येईल त्या दिवशी प्रवाशांना, नाही येणार त्या दिवशी गावाला. बायकांचे मांडव जिथे आहेत तिथेच. खर्च मूळच्या मानाने अगदी किरकोळ.

लिहून झालं, तरी ते आनंदात नव्हते. त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते, तर घरात वातावरण तंग.

"ऐका हिचं," सर मला म्हणाले.

"ऐकवाच," काकू कढईतल्या पुरीवर झारा दाबत म्हणाल्या. "आयुष्यभर बोट बोट करून माझं डोकं खाल्लं. आता बोट दारात येऊन राहिली, तर हेच आडवे पडले! तुम्हाला काचेत बसवलेली बोट चालते, खरी नाही चालत?"

"मले पाहिजे म्हणून फाईलले पाहिजे, असं नसते ना सुशीला."

"फाईल गेली खड्ड्यात."

सर उठून आत गेले. काकूंनी गॅस बंद केला. थोड्या वेळाने हळू आवाजात मला म्हणाल्या, "लहानपणी डोंग्यातून उतरले की संध्याकाळपर्यंत पोटात काही नसायचं गं. पलीकडच्या गावात यांना कोणी पाणी देत नव्हतं, भाकर कुठली देते? म्हणून ते सगळ्यांना विचारत राहतात." एवढं बोलून त्या पुन्हा पुऱ्यांकडे वळल्या, आणि मी खोबऱ्याची वाटी उगाच इकडून तिकडे सरकवत बसले. त्या दिवसापासून मी सरांची नक्कल केली नाही.

बैठक झाली. टेबलाच्या डोक्याशी बसलेले मोठे साहेब, काचेच्या टर्मिनलच्या प्रेमात पडलेले. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वासनिक जी, आप हर चीज़ में दाल-रोटी ले आते हैं। सपना भी तो कोई चीज़ होती है।"

सर म्हणाले, "जी सर, होती है। मेरा तो बचपन का सपना है यह।" मग जरा थांबून, "लेकिन वहाँ जो औरतें बैठती हैं, उनको मैं क्या बताऊँ, कहाँ बैठें?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. "देखेंगे," म्हणाले.

सर रिटायर झाले, तेव्हाही निर्णय झाला नव्हता. निरोप समारंभाला समोसे होते आणि मोठे साहेब 'ज़रूरी मीटिंग' मुळे येऊ शकले नव्हते. रिटायर झाल्यावर एका समितीवर सरांना घेणार, असं वर्षभर सगळे बोलत होते, ते बोलणंही अचानक बंद झालं. सरांनी काचेखालचं बोटीचं चित्र नखाने सोडवलं, खिशात घातलं, आणि मला विचारलं, "तेवढं त्या बायकांचं काय होते, कळवाल ना?" सबंध नोकरीत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

मला 'बघते' म्हणता येणार नव्हतं. "कळवीन," म्हटलं.

कळवायला दोन वर्षं लागली. साहेब बदलले, पैशाची ओढाताण झाली, आणि काचेचं टर्मिनल महाग पडतंय म्हणून कोणीतरी कपाटातून सरांचा कागद काढला. स्वस्त म्हणून तो मंजूर झाला. का मंजूर झाला याच्याशी मला काय करायचंय? मी फोन केला. सर घसा खाकरून म्हणाले, "आणि संडास? संडास काटले तर नाही ना?"

"नाही सर. संडास आहेत."

"मग ठीक आहे."

पुढची गोष्ट त्यानंतरची. धक्का झाला, छप्पर झालं, आणि एका हिवाळ्यात बोटीही येऊ लागल्या. सरांच्या मुलीने आईवडिलांना तिकिटं काढून दिली. लाल बॅगेवरचं प्लास्टिक निघालं. काकूंनी मला फोन करून विचारलं, बोटीवर साडी चालते का गं, की ड्रेसच लागतो? मी म्हटलं, काकू, तुम्ही नऊवारी नेसा, कप्तान सलाम करेल.

बोट त्या गावी पोचली त्या दुपारी मी ऑफिसात होते, तर सरांचा व्हिडिओ कॉल. आधी नुसतं छप्पर दिसलं, खालून. मग सरांचा कान. त्यांना फोन कधीच नीट धरता आला नाही. मागे बांबूचे मांडव होते, बोंबील लटकत होते, आणि लांब पाण्यात ती पांढरी बोट उभी होती, कॅलेंडरातल्यासारखी. सर तिच्याकडे पाठ करून बसले होते.

"शिल्पाबाई! जेवल्या का?"

"अजून नाही, सर. तुम्ही कुठं? किल्ला बघायला नाही गेलात?"

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, सगळे बसमध्ये बसले वो! गाईड हाका मारून राहिला! बस सुटली!"

"सुटू दे ना," सर म्हणाले.

फोन हलला. हिरव्या लुगड्याचा पदर आला, एक मोठा हात आला, आणि ताटात भाताचा ढीग पडला. "खा रे बाबा," पारूताईंचा तो आवाज ऑफिसात घुमला, दोन टेबलं पलीकडच्यांनी माना वळवल्या. "बोटीवर काय देतात? पाव देतात!"

काकू पदराने डोळे पुसत होत्या. कालवण तिखट होतं की काय, कोण जाणे. नंतर त्याही सरांशेजारी बाकावर टेकल्या, लाल बॅग बोटीवरच राहिली होती, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागल्या.

सरांनी फोन तोंडाजवळ आणला. मला त्यांची हनुवटी दिसली, हनुवटीवरचं भाताचं शीत दिसलं.

"त्या तक्त्यात आपण लिहिलं होतं ना, गावात जेवणारे कोणी नाही म्हणून?"

"हो, सर."

"चूक आहे ते. आज दोन आहेत," ते म्हणाले. "लिहून घ्या." आणि घास उचलायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.